मूल्यं मोजायची तर माणसाने काय सोडलं ते विचारा

प्रश्न बडोद्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. त्यांच्या शाळेने यंदा मूल्यशिक्षणाचा उपक्रम घेतला आणि जूनमध्ये सातवी-आठवीच्या मुलांना एक कागद भरायला दिला. प्रामाणिकपणा, वडीलधाऱ्यांचा आदर, सहकार्य, देशप्रेम, स्वच्छता यांतलं काय किती महत्त्वाचं वाटतं ते एक ते पाच आकड्यांत लिहायचं होतं. जवळजवळ प्रत्येकाने प्रत्येकापुढे पाच लिहिलं. आता वर्षअखेरीला तोच कागद पुन्हा भरून घेऊन ‘प्रगती’ दाखवायची आहे, आणि गुणपत्रिकेत मूल्यांचे वेगळे गुण द्यायचाही विचार चालू आहे. त्या विचारतात, माणसाची मूल्यं अशी मोजता येतात का? आणि मोजता आली तरी त्यांतली योग्य कोणती, हे शास्त्र सांगू शकतं का?

मी बडोद्यात बरीच वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. त्यातल्या पुष्कळ सुट्ट्या मूल्यांच्या प्रश्नावल्या घेऊन दांडिया बाजारापासून फतेगंजपर्यंत मराठी आणि गुजराती घरांत बसण्यात गेल्या. त्यामुळे तुमचा कागद न पाहताही माझ्या डोळ्यांसमोर येतो. मुलांनी खोटं लिहिलेलं नाही. त्यांना जे विचारलं त्याला दुसरं उत्तरच नव्हतं. ज्याला आपण मूल्य म्हणतो ते चांगलंच असतं, म्हणून तर त्याला मूल्य म्हणायचं. ‘प्रामाणिकपणा चांगला का?’ हा प्रश्न ‘साखर गोड का?’ यासारखा आहे. मुलांनी साखर गोड आहे असं सांगितलं. त्यावरून कोण किती साखर खातं ते कळत नाही.

मूल्य दिसतं ते दोन चांगल्या गोष्टी एकाच वेळी दाराशी येतात आणि एकीलाच आत घेता येतं तेव्हा. आपल्याकडे ही गोष्ट कठोपनिषदात फार स्वच्छ सांगितली आहे. श्रेय म्हणजे हिताचं आणि प्रेय म्हणजे आवडीचं, दोन्ही माणसापाशी येतात, आणि शहाणा माणूस त्यांना निरखून वेगळं करतो. तिथे दोन्ही येतात हे महत्त्वाचं. एकटं श्रेय आलं असतं तर निवडायचं काय होतं? नचिकेत्यासमोर यमाने हत्ती, घोडे, सोनं, दीर्घ आयुष्य ठेवलं नसतं, तर त्याला ज्ञानाची चाड किती होती ते आपल्याला कळलंच नसतं.

मानसशास्त्रालाही याच वाटेने जावं लागलं. १९३१ साली ऑलपोर्ट आणि व्हर्नन यांनी मूल्यांची चाचणी तयार केली, तीत ज्ञान, पैसा, सौंदर्य, समाज, सत्ता, धर्म अशा सहा ओढी एकमेकींसमोर उभ्या केल्या होत्या. एकीला जास्त दिलं की दुसरीला कमी पडणार. पुढे मिल्टन रोकीच यांनी १९७३ च्या पुस्तकात अठरा साध्यमूल्यं आणि अठरा साधनमूल्यं मांडली आणि माणसांना ती क्रमाने लावायला सांगितली. त्यासाठी चिकटवायच्या पट्ट्या दिल्या, म्हणजे विचार बदलला की पट्टी काढून वरखाली करता यावी. मला ही युक्ती अजून आवडते. पट्टी हातात धरून माणूस थांबतो, पुटपुटतो, ‘हे खाली टाकू?’ म्हणतो, आणि तो थांबण्याचा क्षणच आपल्याला हवा असतो. रोकीच यांच्या लक्षात आलं की स्वातंत्र्य आणि समता या दोनच शब्दांची जागा पाहिली तरी माणसाच्या राजकारणाचा बराच अंदाज बांधता येतो. दोन्ही शब्द सगळ्यांनाच प्रिय असतात. त्यातला वर कोणता, यावर वाटा फुटतात.

या क्षेत्रात आज सर्वात जास्त वापरली जाणारी मांडणी शालोम श्वार्ट्झ यांची आहे. वीस देशांतल्या माहितीवर आधारलेला त्यांचा मूळ लेख १९९२ चा, आणि त्यात दहा मूल्यं आहेत. आपली दिशा आपण ठरवणं, सर्वांचं कल्याण, आपल्या माणसांचं भलं, परंपरा, मर्यादा पाळणं, सुरक्षितता, सत्ता, यश, सुख आणि नावीन्याची ओढ. ही यादी पाठ करण्याची गरज नाही. मोलाची आहे ती तिची वर्तुळाकार रचना. शेजारशेजारची मूल्यं एकमेकांना धरून राहतात, समोरासमोरची एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. ज्याला परंपरा आणि सुरक्षितता फार जवळची, त्याच्याकडे नवं करून पाहण्याची ओढ बहुतेक खाली जाते. सत्तेचं पारडं जड झालं की सर्वांच्या कल्याणाचं हलकं होतं. म्हणजे मूल्यांचा अभ्यास हा एकेका मूल्याचा नसून त्यांच्यातल्या ओढाताणीचा असतो, हे इथे आकड्यांत सापडलं. या मांडणीत प्रत्येकाच्या उत्तरांतून त्याची स्वतःची सरासरी वजा करण्याचाही एक संकेत आहे. काही माणसांचा हात सढळ असतो, ती सगळ्याला वरचा आकडा देतात, काहींचा आखडता. सरासरी काढून टाकली की उरतं ते त्या माणसाच्या मनातलं चढउताराचं चित्र. तुमच्या वर्गातल्या पाचापाचांवर हे करून पाहा. सरासरी पाच, फरक शून्य. कागदावर माहिती नाही, एवढाच त्याचा अर्थ. वर्षअखेरीचा कागदही असाच येईल, किंवा एखादं मूल थोडं मोठं आणि खरं झालं असेल तर चार लिहील, आणि अहवालात त्याची ‘घसरण’ दिसेल.

शब्दांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मराठीत हे काम करताना मी सर्वात जास्त ठेचकाळले ती याच जागी. एका वाड्यात ऐंशीच्या पुढच्या आजींना मी विचारलं, ‘तुम्हाला स्वातंत्र्य किती महत्त्वाचं वाटतं?’ त्या म्हणाल्या, ‘ते सत्तेचाळीस साली मिळालं की.’ त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या मराठीत स्वातंत्र्य देशाला मिळतं. बाईच्या बाबतीत तीच गोष्ट ‘मनासारखं वागणं’ असते, आणि त्या शब्दाला आधीच एक ठपका चिकटलेला असतो. ‘सत्ता’ हा शब्द उच्चारला की लोक निवडणुकीकडे जातात; घरात ‘माझा शब्द चालला पाहिजे’ असं म्हणणारे सासरे स्वतःला सत्तेच्या खात्यात घालत नाहीत. ‘परंपरा’ म्हटलं की चेहऱ्यावर आदर येतो, ‘रीत’ म्हटलं की थोडा कंटाळा, आणि ‘सोवळं-ओवळं’ म्हटलं की घरातल्या सुना एकमेकींकडे बघतात. तिन्ही शब्द एकाच मूल्याच्या आसपासचे. म्हणून शब्दकोशातून भाषांतर केलेली प्रश्नावली मराठी घरात चालत नाही.

श्वार्ट्झ यांनाही हीच अडचण आली. भारी भारी भाववाचक नामं फार शाळा न शिकलेल्यांना आणि मुलांना पेलत नव्हती, म्हणून पुढे त्यांनी दुसरी प्रश्नावली केली. तिच्यात मूल्याचं नावच नसतं. एका माणसाचं दोन ओळींचं वर्णन असतं, आणि हा माणूस तुमच्यासारखा कितपत आहे एवढंच विचारायचं असतं. मी त्या पद्धतीने आजींसाठी नवं वाक्य केलं: ‘एक बाई आहेत, घरातल्यांनी काहीही म्हटलं तरी आपल्या मनाला पटेल तसंच त्या करतात. या तुमच्यासारख्या किती?’ आजी हसल्या, म्हणाल्या, ‘अगदी माझ्या धाकट्या नणंदेसारख्या. आणि मला तसं जमलं असतं तर बरं झालं असतं.’ पाचपैकी आकडा काय टाकायचा ते मला तेव्हा कळलं नाही. पण एका वाक्यात जगलेलं मूल्य आणि जगायचं राहून गेलेलं मूल्य, दोन्ही मिळाली. तुमच्या मुलांसाठी अशीच वर्णनं तुम्ही स्वतः लिहा, त्यांच्या बोलण्यातली. बडोद्याची मुलं अर्धं वाक्य गुजरातीत बोलतात, तसं असू द्या.

आता कागद आणि वागणं यांतलं अंतर. १९७३ साली डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका इमारतीतून दुसरीकडे जाऊन त्यांना छोटं भाषण द्यायचं होतं. त्यातल्या निम्म्यांचा विषय होता वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत पडलेला ठेवला होता. ज्यांना पुष्कळ वेळ आहे असं सांगितलं होतं, त्यांतले शंभरात त्रेसष्ट थांबले. ज्यांना उशीर झालाय म्हणून घाई केली होती, त्यांतले दहा. भाषणाचा विषय तीच गोष्ट असण्या-नसण्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हा प्रयोग ऐकून लोक म्हणतात, बघा, मूल्यं वगैरे सगळं थोतांड. मला तसं वाटत नाही. त्या मुलांसमोरही दोन चांगल्या गोष्टी होत्या, पडलेला माणूस आणि दिलेला शब्द. कोणीतरी वाट बघत होतं. घाईने दुसऱ्या गोष्टीचं वजन वाढवलं आणि पहिलीकडे नीट पाहू दिलं नाही. मूल्य मनात असून पुरत नाही, ते डोळ्यांपुढे यायला वेळ लागतो. शाळेच्या वेळापत्रकाबद्दल यातून काही शिकता येईल का, याचा विचार मूल्यशिक्षणाच्या तासापेक्षा आधी व्हावा असं मला मनापासून वाटतं.

वागण्यातून मूल्य वाचायचं तर आपल्या शहरात त्याची एक जागा सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं. ओसरल्यावर काही आठवड्यांनी मी ओळखीच्या घरांत गेले आणि एकच विचारलं: वरच्या मजल्यावर पहिल्यांदा काय नेलंत? ‘तुम्हाला काय महत्त्वाचं?’ असं विचारलं नाही. कुठे देव नेले होते, कुठे मुलांचे दाखले, कुठे गव्हाची कोठी. एका काकूंनी शिवणयंत्र एकटीने जिन्यावरून ओढत नेलं होतं, आणि लग्नातला शालू खाली भिजला होता. एका सद्‌गृहस्थांनी भिशीची वही नेली. टीव्ही खाली राहिला, स्वतःच्या घराचे कागद खाली राहिले. मी विचारलं, वहीच का? ‘ती बारा जणांची आहे ना,’ एवढंच म्हणाले. याच गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी माझी प्रश्नावली भरली होती. प्रामाणिकपणापुढे त्यांनी पाच लिहिले होते, तुमच्या मुलांनी लिहिले तसेच. पण त्या पाचात आणि या वहीत किती अंतर आहे ते मला त्या दिवशी दिसलं.

गुणपत्रिकेतल्या गुणांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. मराठीत मूल्य हा शब्द मुळात किंमतच सांगतो. त्याच्याच घराण्यातलं मोल मोलमजुरीत आहे, मोलकरणीत आहे, आणि उलटून अनमोलमध्येही आहे. भाव म्हणजे बाजारातला दरही आणि देवापुढचा भावही. भाषेने दोन्ही एकत्र ठेवलं, पण माणसाने त्यात गल्लत केली की नुकसान होतं. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्ये हा फरक केला होता: ज्याला किंमत असते त्याच्या जागी तितक्याच किमतीचं दुसरं ठेवता येतं, ज्याच्या जागी दुसरं काही ठेवताच येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास नीझी आणि रुस्तिचिनी यांनी २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला. उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. आधी ‘बाई आपल्यासाठी खोळंबल्यात’ ही टोचणी होती. दंड आल्यावर उशिराला दर मिळाला, आणि दर मोजला की टोचणी कशाला? पुढे दंड काढून टाकला तरी उशीर तसाच राहिला. प्रामाणिकपणाला दहातले आठ गुण दिलेत, तर मुलं उरलेल्या दोन गुणांचा हिशोब शिकतील, आणि तो हिशोब तुम्हाला नंतर पुसता येणार नाही.

योग्य मूल्यं कोणती हे शास्त्र सांगू शकतं का, हा तुमचा दुसरा प्रश्न सर्वात जुना आहे. जे आहे त्यावरून जे असावं ते काढता येतं का? स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने अठराव्या शतकात दाखवलं की ‘आहे’ची वाक्यं लिहिता लिहिता लेखक नकळत ‘असावं’वर उडी मारतात आणि मधला पूल दाखवत नाहीत. इंग्रज तत्त्वज्ञ मूर यांनी १९०३ मध्ये तोच मुद्दा वेगळ्या अंगाने मांडला. मला हा मुद्दा समजावायला परदेशी जावं लागत नाही, बडोद्याची कमाटी बाग पुरते.

१९१७ साली डॉ. आंबेडकर संस्थानच्या शिष्यवृत्तीचं ऋण फेडायला बडोद्याला नोकरीवर आले. सयाजीराव महाराजांचं राज्य ते. १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालेलं, अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढलेल्या. कागदावरची मूल्यं पाहिली तर त्या काळात असं दुसरं राज्य शोधावं लागलं असतं. आणि त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. एका हिंदू मित्राकडे आसरा मागायला गेले. त्याला वाईट वाटलं, संताप आला, पण तो म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ते मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत पाच तास कमाटी बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

त्या मित्राच्या वाक्यात मैत्री आणि घरचं स्वास्थ्य ही दोन्ही आहेत, आणि कोणतं खाली राहिलं तेही आहे. आता समजा, त्या वर्षी कोणी बडोद्यात मूल्यांची उत्तम प्रश्नावली फिरवली असती. शुद्धता, रीत, जातीची मर्यादा यांना भरघोस आकडे आले असते. ते मोजमाप अचूक असतं. पण बागेत बसलेल्या माणसावर झालेला अन्याय त्या आकड्यांनी तसूभर कमी झाला नसता. लोक कशाला मोल देतात हे शास्त्र सांगतं. ते मोल देण्याजोगं आहे का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो बहुमताने सुटत नाही.

मग तिथे नुसतं ज्याचं त्याचं मत उरतं का? इथे मी ह्यूमपासून थोडी दूर जाते. आपली भाषाच पाहा. ‘आपमतलबी’, ‘निष्ठुर’, ‘कनवाळू’ हे शब्द माणसाचं वर्णन करतात की निवाडा करतात? दोन्ही एकदम. दोन धागे ओढून वेगळे करू गेलं तर शब्दच फाटतो. अमेरिकन तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी वस्तुस्थिती आणि मूल्य यांच्यातल्या पक्क्या भिंतीविरुद्ध हाच युक्तिवाद केला. आणि त्यांच्या आधीचे अमेरिकन तत्त्वज्ञ ड्युई यांचं म्हणणं होतं की आपण कशाला मोल देतो हे त्याचे परिणाम आणि त्याला लागणारी साधनं कळल्यावर बदलतं, बदलायला हवं. म्हणून मूल्यांबद्दल पुरावा देता येतो, चूक दाखवता येते, मन वळवता येतं. जातीची मर्यादा पाळणाऱ्याला जर बागेत बसलेल्या माणसाच्या जागेवरून ते पाच तास पाहता आले असते, तर त्याच्याजवळ आधी नसलेली माहिती आली असती. अशी माहिती घेतल्यावर टिकतं ते मूल्य आणि जे टिकत नाही ते, यांत फरक करणं हे माझ्या मते तत्त्वज्ञानाचं काम आहे, आणि ती माहिती गोळा करणं हे शास्त्राचं.

बडोद्याच्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांनी हे काम एका शब्दावर केलं. मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द होता. तो सर्वांसाठीच आहे, असं समजून घ्या, हे उत्तर त्यांना पुरलं नाही. त्यांच्या आग्रहाने तिथे ‘सर्व मानव’ आले, आणि १० डिसेंबर १९४८ ला पहिलं कलम तसं मंजूर झालं. त्याच सुमारास, १९४७ मध्ये, अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने शंका काढली होती की एकच जाहीरनामा सगळ्या संस्कृतींना कसा लागू पडेल. शंका प्रामाणिक होती, कारण कोणाची तरी मूल्यं सर्वांवर लादली जाण्याची भीती खरी असते. पण हंसाबेनना ज्या बायका माहीत होत्या, त्यांना ‘समजून घ्या’मध्ये काय काय सोडावं लागलं होतं तेही खरं होतं.

तुमच्या वर्गासाठी एवढं करा. जूनचा कागद ठेवून द्या, तो पुन्हा भरून घेऊ नका. मुलांना दोन चांगल्या गोष्टींची पेचाची प्रसंगवर्णनं द्या: मैत्रिणीने सांगितलेलं गुपित आहे आणि बाईंनी खरं विचारलंय, आजी आजारी आहे आणि उद्या सामन्याची अंतिम फेरी आहे. काय निवडलं ते लिहा आणि काय सोडलं त्याबद्दल तीन ओळी लिहा. कागदावर नाव नको, हजेरी क्रमांक नको. वर्गात मोठ्याने वाचून घेऊ नका, नाहीतर बाईंना आवडेल तेच लिहिलं जाईल. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना आजी-आजोबांना विचारायला सांगा की पाणी आलं तेव्हा पहिल्यांदा वर काय नेलं. मार्चमध्ये पुन्हा नवे पेच द्या आणि आकडे बाजूला ठेवून त्या तीन ओळी वाचा. ज्या मुलाने पहिल्या वेळी ‘काही सोडलं नाही’ असं लिहिलं होतं, त्याला आता सोडलेल्या गोष्टीचं नाव घेता आलं, तर ते टिपून ठेवा. मुख्याध्यापकांना वर्षअखेरीला दाखवायला ते पुरेसं आहे.